ॲन ग्रीन

ॲन ग्रीन (जन्म: इ.स. १६२८ च्या सुमारास, स्टीपल बार्टन, ऑक्सफर्डशायर, इंग्लंड, मृत्यू: इ.स. १६५९) ही सतराव्या शतकातील एक इंग्रज मोलकरीण होती. नवजात अर्भकाची हत्या केल्याच्या आरोपावरून तिला १४ डिसेंबर १६५० रोजी ऑक्सफर्ड येथे फाशी देण्यात आली. सुमारे अर्धा तास फासावर लटकल्यानंतर तिला मृत समजून खाली उतरवले गेले व तिचे शव विच्छेदनासाठी विद्यापीठातील वैद्यांकडे सोपवण्यात आले. शवपेटी उघडली तेव्हा तिचा श्वास चालू असल्याचे आढळले. विल्यम पेटी व थॉमस विलिस या तरुण वैद्यांनी उपचार करून तिला शुद्धीवर आणले. पुढे तिला माफी मिळाली, तिचा विवाह झाला आणि तिला तीन मुले झाली.

वैद्यकाच्या इतिहासात ॲन ग्रीनचे नाव पुनरुज्जीवनाच्या एका गाजलेल्या घटनेसाठी घेतले जाते. कायद्याच्या इतिहासात मात्र तिचे महत्त्व वेगळे आहे. अविवाहित मातेला आधीच दोषी धरून चालणाऱ्या कायद्याखाली निरपराध स्त्री कशी फासावर जाऊ शकत होती, याचे हे अतिशय तपशीलवार नोंदले गेलेले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

ॲनचा जन्म ऑक्सफर्डच्या उत्तरेकडील स्टीपल बार्टन या खेड्यात झाला. वयात आल्यावर ती जवळच्याच डन्स ट्यू येथे सर थॉमस रीड या जमीनदाराच्या घरी कामाला लागली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये गरीब घरातील मुली लग्नापूर्वीची काही वर्षे श्रीमंतांच्या वाड्यावर राहून चाकरी करीत. जेवण, निवारा व वर्षाकाठी थोडे वेतन एवढे त्यांना मिळे. ॲनकडे स्वयंपाकघरातील भांडी घासणे, पाणी भरणे, धान्य निवडणे अशी वरकामे होती. घरातील नोकरांच्या उतरंडीत तिचे स्थान अगदी खालचे होते.

हा काळ इंग्लंडमध्ये मोठ्या उलथापालथीचा होता. राजा पहिला चार्ल्स व पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात ऑक्सफर्ड ही राजपक्षाची राजधानी होती. जून १६४६ मध्ये शहर पार्लमेंटच्या सैन्याच्या ताब्यात गेले. जानेवारी १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि देशात प्रजासत्ताक राजवट सुरू झाली. ॲनच्या फाशीच्या वेळी शहरात शिबंदी होती. पुढील घटनाक्रमात एक शिपाई दिसतो, तो त्यामुळेच. (महाराष्ट्रात याच सुमारास शिवाजी महाराज विशीत होते आणि दिल्लीच्या तख्तावर शाहजहान होता.)

गर्भधारणा व गर्भपात

सर थॉमसचा नातू जेफ्री रीड हा सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याच्यापासून ॲनला दिवस गेले. आपण गरोदर आहोत हे आपल्याला कळलेच नव्हते, असे तिने नंतर सांगितले. तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला जागा आहे, कारण सोबतच्या नोकरांनी दिलेल्या साक्षीनुसार त्या घटनेच्या सुमारे महिनाभर आधीपासून तिला अधूनमधून रक्तस्राव होत होता. अशा स्थितीत पाळी चुकली आहे असे समजण्याचे तिला काही कारण नव्हते.

गर्भधारणेला चार महिने होऊन गेले असताना एके दिवशी ती माल्टचे काम करीत होती. बिअरसाठी मोड आणलेले सातू जमिनीवर पसरून ते वरचेवर फावड्याने पालथे घालावे लागत. हे काम कष्टाचे असते. काम करता करता तिला अचानक कळा आल्या आणि ती शौचकूपाकडे गेली. तेथे तिचा गर्भपात झाला. घाबरलेल्या ॲनने तो गर्भ तेथेच कोपऱ्यात कचऱ्याखाली झाकून ठेवला. तो जेमतेम वीतभर लांबीचा होता आणि मुलगा की मुलगी हेही नीट ओळखता येत नव्हते.

लवकरच तो सापडला. सर थॉमस रीड याने स्वतः पुढाकार घेऊन आपल्या मोलकरणीवर बालहत्येचा आरोप ठेवला. त्याच्या नातवावर कोणताही खटला चालला नाही.

१६२४ चा कायदा

ॲनचा खटला समजून घेण्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने १६२४ साली केलेला एक कायदा लक्षात घ्यावा लागतो. अनौरस मुलांची हत्या रोखणे हा त्याचा घोषित हेतू होता. खुनाच्या एरवीच्या खटल्यात मूल जिवंत जन्मले होते आणि नंतर त्याला मारण्यात आले, हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करावे लागे. या कायद्याने तो भार उलटा फिरवला. अविवाहित स्त्रीने मुलाचा मृत्यू लपवल्याचे दिसले की तिने खून केला असेच धरले जाई. मूल मृतावस्थेतच जन्मले हे तिने निदान एका साक्षीदारामार्फत सिद्ध केले, तरच तिची सुटका होई.

एकांतात प्रसूत झालेल्या मुलीकडे साक्षीदार कुठून असणार, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. विवाहित स्त्रीला हा नियम लागू नव्हता. मुलाच्या बापाचा त्यात उल्लेखही नव्हता. त्यामुळे हा कायदा प्रत्यक्षात गरीब, अविवाहित आणि बहुधा दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या मोलकरणींवरच पडला. कारण गरोदरपण उघड झाले तर नोकरी आणि निवारा दोन्ही एकाच दिवशी जात, आणि म्हणूनच ते लपवणे त्यांना भाग पडे. हा कायदा १८०३ पर्यंत इंग्लंडच्या कायदेपुस्तकात राहिला. त्याच्या अखेरच्या काळात ज्यूरी आरोपींना सोडून देण्यासाठी निमित्ते शोधू लागल्या होत्या. ॲनच्या वेळी तशी स्थिती आलेली नव्हती.

खटला

ॲनच्या बाजूने पुरावा नव्हता असे नाही. गर्भाची तपासणी करणाऱ्या सुईणीने न्यायालयात सांगितले की, तो इतका अपुऱ्या वाढीचा होता की त्यात कधी जीव होता असे तिला वाटत नाही. सोबतच्या नोकरांनी रक्तस्रावाची हकीकत सांगितली. चार-साडेचार महिन्यांचा गर्भ आईच्या उदराबाहेर जगू शकत नाही, हे सुईणींना अनुभवाने ठाऊक होते. कायद्याने मागितलेल्या साक्षीच्या अगदी जवळ जाणारी ही साक्ष होती.

तरीही तिला दोषी ठरवून मृत्युदंड सुनावण्यात आला. मृत्यू लपवला गेला होता, एवढी एकच गोष्ट निर्विवाद होती आणि तीच निर्णायक ठरली. आरोप ठेवणारा परगण्यातील वजनदार सरदार होता आणि आरोपी त्याच्याच घरची भांडी घासणारी होती, हेही विसरून चालत नाही.

फाशी

१४ डिसेंबर १६५० रोजी ऑक्सफर्डच्या किल्ल्याच्या आवारात ॲनला फाशी देण्यात आली. स्तोत्र म्हटले गेले. त्यानंतर ती जमलेल्या लोकांशी थोडे बोलली. आपण निर्दोष असल्याचे तिने सांगितले आणि ज्या घरात ती चाकरीला होती तेथील बेताल वर्तनाकडेही बोट दाखवले.

त्या काळची फाशीची पद्धत आजच्याहून निराळी होती. गुन्हेगाराला शिडीवर चढवून गळ्यात फास अडकवत आणि नंतर शिडीवरून ढकलून देत. उंचावरून वेगाने खाली पडून मान मोडण्याची व्यवस्था तेव्हा नव्हती. ती इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्यामुळे फासावरचा मनुष्य हळूहळू गुदमरून मरे. त्याचे हाल लवकर संपावेत म्हणून आप्तस्वकीय त्याचे पाय धरून खाली ओढत. ॲनच्या बाबतीतही हेच झाले. तिचे स्नेही तिच्या छातीवर ठोसे मारीत होते, पायांना लोंबकळत होते, तिला वर उचलून एकदम खाली हिसका देत होते. अखेर दोर तुटेल या भीतीने उपशेरीफने त्यांना थांबवले. एका शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने तिच्या छातीवर प्रहार केले. हे सारे दयेपोटी केले जात होते आणि त्यातले प्रत्येक कृत्य तिचा जीव घेण्यास पुरेसे होते.

सुमारे अर्ध्या तासाने तिला मृत समजून खाली उतरवण्यात आले आणि शवपेटीत ठेवण्यात आले.

शवविच्छेदनाची तयारी

१६३६ साली पहिल्या चार्ल्सने ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलेल्या सनदेनुसार, शहरापासून एकवीस मैलांच्या आत फाशी दिलेल्या व्यक्तीचे शव शरीररचनाशास्त्राच्या अध्यापकाला मागता येत असे. शरीररचना पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष देहातून शिकावी हा विचार तेव्हा नव्याने रुजत होता आणि शवांची टंचाई कायम होती. ॲनची शवपेटी म्हणून नातलगांकडे न जाता शहरातील एका खासगी घरी नेण्यात आली. तेथे विल्यम पेटी व त्याचे सहकारी विच्छेदनाच्या तयारीने येणार होते.

पेटी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. कापड विणणाऱ्याच्या घरात जन्मलेला हा तरुण हॉलंडमध्ये वैद्यक शिकून आला होता. थॉमस विलिस त्याहून दोन वर्षांनी मोठा होता. त्यांच्यासोबत राल्फ बॅथर्स्ट आणि हेन्री क्लार्क हे वैद्यही होते.

पेटी उघडताच मुलीच्या घशातून घरघर ऐकू आली. तेथे हजर असलेल्या एका धट्ट्याकट्ट्या माणसाने तिचे हाल संपवावेत म्हणून तिच्या छातीवर व पोटावर पाय देऊन जोराने दाबले. इतक्यात पेटी व विलिस आत आले. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि विच्छेदनाचा विचार सोडून ते तिला वाचवण्याच्या खटपटीला लागले.

उपचार

वैद्यांनी काय काय केले याची टिपणे राहिली असल्यामुळे ही घटना निव्वळ दंतकथा ठरली नाही. त्यांनी तिला पेटीतून उचलून बसते केले. घट्ट मिटलेले दात फाकवून तोंडात उष्ण मद्यार्क ओतला, तेव्हा ती खोकली. मग पिसाने घशात गुदगुल्या केल्या, आणि तिने क्षणभर डोळे उघडले. हातपाय चोळून ऊब आणली. तिच्या शिरेतून सुमारे पाच औंस रक्त काढण्यात आले. हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधले, मानेला व कानशिलांना तेल व अर्क चोळले, उष्ण बस्ती दिली. शेवटी तिला अंथरुणात घालून एका दुसऱ्या स्त्रीला तिच्याशेजारी झोपवले, म्हणजे अंगाची ऊब तिला सतत मिळत राहील.

या उपायांपैकी काही आजच्या वैद्यकाला मान्य होणार नाहीत. अशक्त रुग्णाचे रक्त काढणे हा त्यांतला सर्वांत उघड प्रमाद म्हणावा लागेल. परंतु शरीर गरम ठेवणे, श्वासमार्ग मोकळा करणे आणि रुग्णाला एकटे न सोडणे या गोष्टी योग्यच होत्या. मान मोडलेली नसणे आणि डिसेंबरच्या थंडीने शरीराची प्राणवायूची गरज कमी झालेली असणे ही ती जगण्याची संभाव्य कारणे मानली जातात. छातीवरचे ठोसे आणि पायाचा दाब यांनीही नकळत श्वास सुरू होण्यास मदत झाली असावी, असाही एक तर्क केला जातो. तिला मारण्यासाठी केलेल्या कृतींनीच ती जगली असेल, तर या हकीकतीतला तो सर्वांत विलक्षण भाग ठरेल.

बारा तासांनी ती काही शब्द बोलली. दुसऱ्या दिवशी ती प्रश्नांना नीट उत्तरे देऊ लागली. चार दिवसांनी घन अन्न खाऊ लागली आणि महिन्याभरात ती पूर्ण बरी झाली.

हरवलेली स्मृती

बरी झाल्यावर ॲनला आधीचे आयुष्य आठवत होते. मात्र फाशीच्या वेळचा काळ तिच्या स्मृतीतून पुसला गेला होता. शुद्धीवर येताना ती फाशीच्या जागी म्हणायच्या बोलण्याचाच धागा पुढे चालवू लागली, जणू मधल्या काळात काही घडलेच नव्हते. तिच्या वैद्यांना याचे मोठे कुतूहल वाटले. वजने काढून घेतल्यावर थांबलेले आणि वजने पुन्हा लावताच जेथे थांबले होते तेथूनच चालू झालेले घड्याळ अशी तिच्या स्मृतीची उपमा त्या काळच्या वृत्तांतात आली आहे. प्राणवायूच्या अभावानंतर येणाऱ्या विस्मृतीचे हे आरंभीच्या नोंदींपैकी एक वर्णन आहे. यातील थॉमस विलिस पुढे मेंदूच्या रचनेचा थोर अभ्यासक झाला, ही गोष्ट वाचकाच्या मनात राहतेच.

माफी

ॲन जिवंत आहे ही बातमी पसरल्यावर तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. तिला मृत्यू येईपर्यंत फाशी देण्याचा आदेश होता आणि ती तर जिवंत होती. कायद्याच्या अक्षरानुसार तिला पुन्हा फासावर देता आले असते. वैद्यांनी तिची बाजू घेतली. तिचा गर्भ मुळात जगू शकणारा नव्हता, तो गर्भपातच होता, असे मत त्यांनी मांडले. ऑक्सफर्डचा गव्हर्नर आणि न्यायाधीशांनी शिक्षा स्थगित केली व नंतर माफी मिळाली.

येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. वैद्यांनी जे सांगितले ते सुईणीने खटल्यातच सांगितले होते. पुरावा तोच होता. पहिल्या वेळी तो एका स्त्रीच्या तोंडून, जिवंत आरोपीसाठी मांडला गेला आणि निष्फळ ठरला. दुसऱ्या वेळी तो विद्वान पुरुषांच्या तोंडून, मेलेल्यातून उठलेल्या मुलीसाठी मांडला गेला. मधल्या काळात लोकांची मने फिरली, ती वैद्यकीय पुराव्याने नव्हे. ती जगली यातच तिच्या निर्दोषत्वाचा दैवी कौल आहे, असे लोकांना वाटले. तिच्यावर खटला भरणारा सर थॉमस रीड फाशीनंतर तीनच दिवसांत मरण पावला, तेव्हा तर ही भावना अधिकच दृढ झाली.

ॲनला पाहायला लोकांची रीघ लागली. वैद्यांनी ही गर्दी तिच्या उपयोगी पाडली. येणाऱ्यांकडून काही रक्कम घेण्यात आली आणि त्यातून तिचा राहण्याचा, औषधांचा आणि माफी मिळवण्यासाठी लागणारा खर्च भागवण्यात आला.

उत्तरायुष्य

बरी झाल्यावर ॲन आपल्या मूळ गावाकडच्या नातलगांत परतली. ज्या शवपेटीत तिला ठेवले होते, ती पेटी तिने सोबत नेली. पुढे तिचा विवाह झाला व तिला तीन मुले झाली. तिचा मृत्यू १६५९ साली झाल्याची नोंद रॉबर्ट प्लॉट याने १६७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑक्सफर्डशायरच्या निसर्गवर्णनात केली आहे. फाशीनंतर ती जवळजवळ नऊ वर्षे जगली आणि गावात मानाने राहिली, असे त्याच्या लेखनावरून दिसते.

समकालीन पुस्तिका

१६५१ मध्ये ऑक्सफर्ड येथे रिचर्ड वॉटकिन्स याने 'न्यूज फ्रॉम द डेड' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. ॲनच्या प्रकरणाचा मुख्य आधार हीच पुस्तिका आहे. तिच्यासोबत विद्यापीठातील विद्यार्थी व अध्यापकांनी रचलेली पद्ये छापली होती. त्यांतील एक कवी क्रिस्टोफर रेन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारा वास्तुकार तो हाच. ॲनच्या नावाने विद्वत्तेचे प्रदर्शन करणारी ही पद्ये आज वाचवत नाहीत. मोलकरणीच्या दुःखापेक्षा शब्दांचे खेळ त्यांत जास्त आहेत.

त्याच वर्षी लंडनमध्ये डब्ल्यू. बर्डेट याची 'अ वंडर ऑफ वंडर्स' ही पुस्तिकाही निघाली. तिच्यातील काष्ठचित्रात फासावर लटकणारी ॲन, तिचे पाय ओढणारे स्नेही आणि दस्ता उगारलेला शिपाई दिसतो. सर्वसामान्य वाचकांपर्यंत ही कथा अशाच पत्रकांतून गेली. ही सारी पत्रके पुरुषांनी लिहिली आहेत; ॲनला लिहिता येत असल्याचे कोठेही दिसत नाही.

ऑक्सफर्डमधील दुसरी घटना

ॲनची सुटका हा नियम झाला नाही. १६५८ साली ऑक्सफर्डमध्येच आणखी एका मोलकरणीला अनौरस अर्भकाच्या हत्येवरून फाशी देण्यात आली. तिलाही मृत समजून खाली उतरवले गेले आणि सेंट जॉन्स कॉलेजच्या एका वैद्याने तिला शुद्धीवर आणले. पण या वेळी शहराच्या कारभाऱ्यांना दया आली नाही. मध्यरात्री माणसे पाठवून त्यांनी तिला घरातून बाहेर काढले, शवपेटीत घातले आणि मोकळ्या मैदानातील एका झाडाला पुन्हा फाशी दिली. शहरातील स्त्रियांना याचा इतका संताप आला की त्यांनी ते झाडच तोडून टाकले. ही नोंद अँथनी वुड या ऑक्सफर्डच्या इतिहासकाराने करून ठेवली आहे.

दोन्ही मुलींचा आरोप एकच होता, शहरही एकच होते. फरक एवढाच की एकीच्या बाजूने नामांकित वैद्य, छापखाना आणि जनमत उभे राहिले आणि दुसरीला रात्रीच्या अंधारात नेण्यात आले.

स्कॉटलंडमध्ये १७२४ साली मॅगी डिक्सन या मासे विकणाऱ्या स्त्रीचीही अशीच कथा घडली. गरोदरपण लपवल्यावरून तिला एडिंबरा येथे फाशी झाली, पण शव गावाकडे नेत असताना ती पेटीतच जागी झाली.

वैद्यांची कीर्ती

या प्रकरणाने पेटी व विलिस यांचे नाव देशभर झाले. पेटी काही काळाने वैद्यक सोडून आयर्लंडला गेला. तेथील जमिनींची त्याने केलेली मोजणी आणि अर्थकारणात आकड्यांचा केलेला वापर यांमुळे तो सांख्यिकी व अर्थशास्त्राच्या आद्य विचारवंतांत गणला जातो. १६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकीही तो एक होता. विलिसने १६६४ मध्ये मेंदूच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातील काही चित्रे रेनने काढली होती. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळाला आजही विलिसचे वर्तुळ म्हणतात आणि महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतही ते त्याच नावाने शिकवले जाते.

कथासाहित्यात

साडेतीनशे वर्षांनी ही कथा इंग्रजी कादंबरीत पुन्हा आली. इयन पिअर्स याच्या १९९७ च्या 'ॲन इन्स्टन्स ऑफ द फिंगरपोस्ट' या कादंबरीचा काळ १६६३ चा आहे. तिच्यातील सारा ब्लंडी ही गरीब मोलकरीण एका अध्यापकाच्या खुनाच्या आरोपाखाली सापडते. तिची हकीकत चार निवेदक चार प्रकारे सांगतात. सारा हे पात्र ॲन ग्रीनच्या प्रकरणावरून सुचलेले आहे.

मेरी हूपर हिची २००८ ची 'न्यूज फ्रॉम द डेड' ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी मात्र थेट ॲनवरच आहे. तिच्यात शवपेटीत अडकलेली ॲन स्वतः आपली कहाणी सांगते, तर विच्छेदन पाहायला आलेला एक तोतरा विद्यार्थी बाहेरची बाजू सांगतो. ऐतिहासिक पत्रकांत जे नाही ते, म्हणजे ॲनचा स्वतःचा आवाज, या कादंबरीने कल्पनेने भरून काढला आहे. पिअर्सच्या कादंबरीच्या तुलनेत ती सरळ आहे, परंतु मोलकरणीच्या दिवसभराच्या कामाचे चित्रण तिच्यात अधिक खरे उतरले आहे.

महाराष्ट्रातील समांतर प्रकरणे

फासावरून परतण्याची घटना सोडली, तर ॲनच्या कहाणीतील बाकी सर्व गोष्टी मराठी वाचकाला परिचयाच्या वाटतील. पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकीण म्हणून राहत होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांपासून तिला दिवस गेले. बदनामीच्या भीतीने तिने जन्मलेल्या मुलाला मारून विहिरीत टाकले. न्यायालयाने तिला जन्मठेपेची शिक्षा देऊन अंदमानला पाठवले. ॲनप्रमाणे ती निरपराध नव्हती. पण शिक्षा एकट्या स्त्रीला झाली आणि पुरुष नामानिराळा राहिला, हे दोन्हीकडे सारखेच. जोतीराव फुले यांनी याच घटनेने व्यथित होऊन १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, असे जाहीर फलक पुण्यात लावण्यात आले. सावित्रीबाईंनी त्या स्त्रियांची व मुलांची काळजी घेतली.

१८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकाच्या हत्येवरून फाशीची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयात अपील झाल्यावर ती रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा कायम झाली. या प्रकरणानंतर वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतिमत्तेवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध लिहिला. विधवेला पुनर्विवाहाची मनाई करणारे आणि तिला फसवणारे पुरुष मोकळे कसे राहतात, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. हा निबंध पुढे विस्मृतीत गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशित केला.

कायद्याच्या दृष्टीने भारतात १६२४ सारखे गृहीतक लागू झाले नाही. १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१८ ने मृत अर्भकाचे शव गुपचूप नष्ट करून जन्म लपवणे हा वेगळा व सौम्य गुन्हा ठरवला. त्यासाठी कमाल दोन वर्षे कारावासाची तरतूद होती. हीच तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे. ॲन ग्रीनने केलेले कृत्य या कलमात बसते. खुनाच्या कलमात बसत नाही.